चप्पल कुठे झिजलीय ते बघ

चि. मुक्ता,


परवा तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी कुकर लावत होते, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. चालीचे प्रकार पाठ करायचेत आणि नावं लक्षात राहत नाहीत, असं म्हणालीस. पाठ कर बाई, परीक्षा चुकलेली नाही कुणाला. पण बोलता बोलता तू तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या चालण्याची नक्कल करून दाखवलीस आणि खुदकन हसलीस, त्यासाठी हे पत्र. रागावले नाहीये. नक्कल झकास होती. फिजिओथेरपीत ते पहिलं कसब, चाल आपल्या अंगात उतरवून बघता आली पाहिजे. फक्त तू नक्कल करून थांबलीस. माणूस तसा का चालतो, हे अंगाला विचारलं नाहीस.

मीही विचारलं नव्हतं. १९७४ साली नवी नवी कामाला लागले होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आला, उजवा पाय पोलिओनं वाळलेला. प्रत्येक पावलाला कमरेत वाकायचा, उजव्या हातानं मांडी मागे रेटायचा आणि मग पुढे सरकायचा. मला ते बघवेना. म्हटलं, ‘हात काढ, ताठ चाल, मर्दासारखा.’ पोरगं आज्ञाधारक. हात काढला, पाऊल टाकलं, आणि गुडघा मिटून फरशीवर आपटलं. त्याची आई धावत आली. मला एका शब्दानं बोलली नाही. त्याला उभं केलं, त्याचा हात धरून परत मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘चल.’

त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मांडीच्या पुढच्या स्नायूत जोर नसला की वजन पडताच गुडघा दुमडतो. बाहेरून मागे रेटला तरच तो कुलूप लागल्यासारखा सरळ राहतो. म्हणजे तो हात ही त्याची खोड नव्हती, तो त्याचा कॅलिपर होता, पायाला बांधायचा आधार, फुकटचा आणि कायम बरोबर असलेला. मी तो काढून घेतला होता.

पण फुकटचं असं अंगात काही नसतं. गुडघा वर्षानुवर्षं मागे रेटला की त्याच्या मागचे बंध सैल पडतात आणि तो उलटा, धनुष्यासारखा वाकायला लागतो. सतत ओणवं चालून कंबर धरते. भारतात पोलिओच्या मूळ, नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला, त्यामुळे अशी मुलं तुला बघायला मिळणार नाहीत. ती मुलं आता साठीला आलेली मिळतील, आणि इतकी वर्षं जास्तीचं काम केलेला त्यांचा चांगला पायही थकलेला असेल.

आता तुझे काका. तू नक्कल केलीस त्यात उजव्या पायावर वजन आलं की खांदा उजवीकडे कलत होता. आपण चालतो तेव्हा दर पावलाला काही क्षण एकाच पायावर उभे असतो. एका पायाचा हिशेब धरला तर एका फेऱ्यातला साधारण ६० टक्के वेळ तो जमिनीवर आणि ४० टक्के हवेत. उजव्या पायावर उभं असताना डावीकडची कंबर खाली पडू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू ती ओढून धरतो. अंगाचं वजन सांध्यापासून लांब, स्नायू सांध्याला चिकटून. सी-सॉवर जाड मुलगा टोकाला आणि बारका मधे बसावा तसं. म्हणून स्नायूला दुपटीनं ओढावं लागतं आणि त्या क्षणी खुब्याच्या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. हा स्नायू कमजोर झाला की डावी कंबर झोल खाते. मग शरीर काय करतं? धडच उजवीकडे नेऊन ठेवतं. वजन सांध्याच्या जवळ आलं, की स्नायूला ओढायला फारसं उरत नाही. सांधा दुखत असेल तर त्यालाही आराम पडतो.

पूर्वी डॉक्टर समजत, की निखळलेल्या खुब्यात हाडाचा गोळा वरखाली सरकतो म्हणून माणूस असा झुलतो. १८९५ साली ट्रेंडेलनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जननं अशा रुग्णांना नुसतं एका पायावर उभं केलं आणि मागून बघितलं. दुसरी बाजू खाली गेली. दोष सरकण्यात नव्हता, स्नायूत होता. एक्स-रे तेव्हा जेमतेम जन्माला येत होता. तुझ्या यादीतलं ते जीभ वळणार नाही असं नाव त्याचंच.

काकांना काय झालंय ते मी इथून सांगणार नाही. जुनं फ्रॅक्चर असेल, संधिवात असेल, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचला असेल. दारूनं होतं, स्टेरॉइडनं होतं, कोविडनंतर तरुण माणसांतही दिसलं. कुल्ल्यावर भलत्या जागी दिलेल्या इंजेक्शननं नस दुखावूनही होतं. पण दिवसाला पाच हजार पावलं धरलीस तर अडीच हजार वेळा त्यांचा कणा एकाच बाजूला मोडतोय. ते तुझ्याकडे येतील ते कमरेची तक्रार घेऊन. तू कंबर शेकत बसशील आणि खुबा मजा बघेल.

काठी त्यांनी धरलीच तर डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या उलट. लोकांना हे पटता पटत नाही. टीव्हीतले सासरेबुवा तर बहुतेक दुखऱ्याच बाजूला धरतात. उलट हातातली काठी त्या सी-सॉचं लांबचं टोक उचलून धरते, म्हणून थोडं टेकलं तरी पुष्कळ भार हलका होतो.

दुसरी गोष्ट चपलांची. रुग्ण आत आला की त्याची चप्पल उलटी करून बघायची मला सवय होती, शिपाई हसायचे. एकाच चपलेचं टोक घासून पातळ झालं असेल तर ते पाऊल वर उचलत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक हाडाचं टेंगूळ लागतं. त्याच्या मागून एक नस अगदी कातड्याखालून जाते. तासन् तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बायकांची ती दबते, आवळलेल्या प्लास्टरनं दबते, कुष्ठरोगात सुजून जाड होते, बोटाखाली सुतळीसारखी लागते. मग पाऊल लोंबतं. माणूस ते अडखळू नये म्हणून गुडघा उंच उचलतो, जणू पाण्यातून चाललाय, आणि पाऊल फट्कन आपटतं. डोळे मिटूनही ही चाल ओळखता येते.

आणि चप्पल पायातून निसटते का, एवढंच विचारून थांबू नकोस. निसटली की कळतं का, तेही विचार. कळतं पण धरता येत नाही, तर जोर गेलाय. मागे वळून बघितल्यावर कळतं, तर संवेदना गेलीय. अशी माणसं जमिनीकडे बघत, पाय रोवून टाकतात. उजेडात निभावतं, बेसिनवर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. मधुमेह बघायचाच, पण कट्टर शाकाहारी आणि दूधही न घेणारं माणूस असेल तर बी-१२ तपासायला डॉक्टरांना सांग. वेळेत सापडलं तर हे बरंच भरून निघतं, उशीर झाला तर मज्जारज्जूची हानी राहून जाते.

लकव्याचा पाय अर्धवर्तुळ काढत पुढे येतो, कारण गुडघा हवा तेव्हा मिटत नाही. हे तुला पुस्तकात चांगलं मिळेल. कंपवाताबद्दल मात्र सांगते. पार्किन्सननं १८१७ साली आपला निबंध लिहिला तो जेमतेम सहा माणसांवर, आणि त्यांतली काही त्याला लंडनच्या रस्त्यात दिसलेली. पुढे झुकलेलं अंग, तुरुतुरु पावलं, न हलणारे हात. कंपवाताच्या काही रुग्णांची मौज अशी, की सपाट फरशीवर पाय खिळतात आणि जिना मात्र चढतात. मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीनं आपल्या काकांचं हे हेरलं आणि जमिनीवर जिन्याचं चित्रच पसरलं. काका त्यावरून चालत गेले. पायांत जोर होताच, पुढच्या पावलाची हाक डोळ्यांकडून यावी लागत होती.

तेव्हा तुझ्या खालच्या मजल्यावरच्या काकांना एकदा त्यांच्या चपला दाखवायला सांग. आधी चहा घेऊन जा आणि नकलेचं बोलू नकोस.

माझा एक गुडघा अलीकडे कुरकुरतो. दिवाळीत आलीस की दारापासून देवघरापर्यंत चालून दाखवीन, कुठला ते ओळख. काठी तेवढी आधी दाराआड ठेवीन, नाहीतर तुला आयतं उत्तर मिळेल.

तुझी,
आजी