झाकण न उघडता

रविवारी नात आणि मी रव्याचा केक करतो. कुकरच्या तळाशी मीठ, शिटी आणि रिंग काढलेली, आच मंद. दहाव्या मिनिटालाच तिचा हात झाकणाकडे जातो. उघडलं की केक मधोमध बसतो. दोनदा बसलाही, दुधात बुडवून आम्ही तो आवडीनं खाल्ला.

मग मी तिला सिडनीची गोष्ट सांगितली. जानेवारी २००४. कव्हर ड्राइव्हच्या नादात विकेट जात होती, म्हणून सचिननं तो लाडका फटकाच बाजूला ठेवला. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडत राहिला आणि नाबाद २४१ धावा केल्या. मला त्याच्या शतकांच्या राशीपेक्षा हे सोडून देणं मोलाचं वाटतं.

या रविवारी ती ओट्यापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. चाळीस मिनिटं. वेलचीचा वास दरवळला, तेव्हा हळूच म्हणाली, "आजी, आता?"