एका सहीत पुसलं जाणारं नातं

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी माणसं बहुतेक वेळा भली, शिकलेली, कुणाचं वाईट न चिंतणारी असतात. ‘आता बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, रेशनकार्डावर दोघांची नावं लागतात, समलिंगी संबंधांबाबतचा कलम ३७७चा गुन्हा तर २०१८ सालीच गेला. मग लग्नाचाच हट्ट कशाला?’ या प्रश्नात द्वेष नाही, म्हणून तो मला जास्त गंभीर वाटतो. त्याच्या समंजसपणाखाली लग्न म्हणजे काय याविषयीची एक फार उथळ कल्पना दडलेली आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ती विवाहहक्काच्या कितीतरी समर्थकांचीही आहे.

समर्थक प्रेमाबद्दल बोलतात. प्रेम हा मोठा शब्द आहे, पण विवाह नोंदणी अधिकारी त्याची चौकशी करत नाही. वय, संमती, आधीचा जोडीदार हयात आहे का आणि दोघांत निषिद्ध नातं आहे का, एवढंच तो पाहतो. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांत प्रेम मागाहून येतं, कधी येतही नाही, तरी लग्न कायद्याने पक्कंच असतं. तेव्हा ‘आमचं प्रेम खरं आहे’ एवढ्यावर विवाहाचा दावा उभा करणं म्हणजे त्याचा सगळ्यात भक्कम आधार घरी ठेवून न्यायालयात जाणं होय.

विरोधकांच्या बाकी मुद्द्यांत फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. लग्न हा संस्कार आहे म्हणणाऱ्यांना १९५४च्या विशेष विवाह कायद्याने केव्हाच उत्तर दिलं आहे. ज्याला संस्कार नको त्याच्यासाठीच तो कायदा आहे. हे शहरी उच्चभ्रूंचं खूळ आहे, असं केंद्र सरकारने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. मध्य प्रदेश पोलिसांतल्या ज्या दोन महिला शिपायांना १९८७ साली एकमेकींशी लग्न केलं म्हणून नोकरीवरून काढलं, त्या कुठल्या उच्चभ्रू वस्तीतल्या होत्या? आणि विवाहसंस्थाच पुरुषप्रधान आहे, तिच्यात शिरायचंच कशाला, हा प्रश्न ज्यांना दार उघडं आहे त्यांनी विचारणं सोपं असतं. सत्यशोधक विवाह, विधवाविवाह, नोंदणी विवाह, हिंदू कोड बिल हा प्रवास मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. प्रत्येक वळणावर लग्नसंस्था बुडाल्याची हाकाटी झाली आणि प्रत्येक वेळी ती तरली.

खरा मुकाबला आहे तो ‘हक्क द्या, लग्न नको’ म्हणणाऱ्या मध्यममार्गाशी. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या सुप्रियो खटल्यात दिलेल्या निकालानंतर या मार्गाला प्रतिष्ठा मिळाली. विवाहाचा मूलभूत अधिकार घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता मिळण्याचा हक्क मानला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांनी तोही नाकारला. जोडप्यांच्या अडचणी पाहण्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी, एवढं उरलं. पुनर्विलोकनाच्या याचिकाही जानेवारी २०२५मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे आज जे काही हातात आहे ते समितीच्या वाटेने आलेलं आहे, आणि ‘सरकारने दिलंय की सगळं’ असं म्हणणाऱ्यांचा रोख त्याच्याकडे असतो.

ते ‘सगळं’ काय आहे, ते एकदा नीट पाहू. ऑगस्ट २०२४मध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की समलिंगी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलाही अटकाव नाही. अटकाव नव्हताच! दोन मित्र, मामा-भाचा, घरमालक-भाडेकरू, कुणीही दोघं संयुक्त खातं उघडू शकतात. नवा हक्क यात कुठला आला? आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिलं, त्यात मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देण्याचाही उल्लेख आहे, पण कधी? जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. हे कलम चांगल्या हेतूने लिहिलं असेल, मी तो नाकारत नाही. तरी त्याचा अर्थ एवढाच होतो की वीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाने शवागाराच्या बाहेर थांबायचं आणि वीस वर्षं न बोललेला भाऊ पोचतो की नाही याची वाट पाहायची. भाऊ आला तर हा परका. जोडीदार म्हणून त्याची गणना होते ती फक्त बाकी कुणी नसलं तर.

नॉमिनेशनचंही तेच. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे, हे आपल्याकडे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. डिसेंबर २०२३मध्ये साळगावकर कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच म्हटलं: नॉमिनीच्या हाती आलेली मालमत्ता शेवटी वारसांची. आयुर्विम्यात २०१५च्या दुरुस्तीने काही नॉमिनींना खरा लाभ दिला, पण ते कोण? आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं. या यादीत समलिंगी जोडीदार बसत नाही. मग ‘नॉमिनी करता येतं’ हे वाक्य ऐकायला जितकं भरीव वाटतं तितकं ते आहे का?

यावर मध्यममार्गी म्हणतील, ठीक, यादी अपुरी आहे, ती वाढवू. पेन्शन घालू, भविष्यनिर्वाह निधी घालू, वारसाहक्कासाठी मृत्युपत्र करायला सांगू. माझं मूळ म्हणणं इथेच सुरू होतं. यादी कितीही लांब केली तरी ती सवलतींचीच राहते. आणि लग्नातून कायद्याने येणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सवलत नाहीच. लग्नातून येतं ते एकट्याला मागे घेता न येणारं दायित्व.

समजा, ठाण्यात दोघीजणी पंधरा वर्षं एकत्र राहतात. फ्लॅट एकीच्या नावावर आहे. तिची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली तेव्हा दुसरीने शाळेतली नोकरी सोडली. सहा वर्षं त्या म्हाताऱ्या बाईला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. संयुक्त खातं आहे, नॉमिनेशन आहे, रेशनकार्डावर नाव आहे, पहिलीने मृत्युपत्रही केलं आहे. आजच्या सगळ्या सवलती या घरात हजर आहेत. आणि एक दिवस पहिलीचं मन बदलतं. ती नॉमिनी बदलते, त्याला काही मिनिटं लागतात. मृत्युपत्र नव्याने करते. मरेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. खात्यातले पैसे काढून घेते. दाराचं कुलूप बदलते. यातलं काहीही दुसरीला कळवण्याची तिच्यावर सक्ती नाही, आणि दुसरी न्यायालयात गेली तर न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील, तुम्ही यांच्या कोण?

या दोघींच्या जागी लग्न न केलेले स्त्री-पुरुष असते, तर त्या बाईकडे २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा होता. विवाहासारखं नातं हे शब्द त्या कायद्यातच आहेत. घरात राहण्याचा हक्क, पोटगी, दोन्ही मागता येतं. जिथे जोडप्याने लग्न केलंच नाही तिथेही कायदा दायित्व लादतो, आणि जिथे जोडपं ते दायित्व स्वतःहून मागायला येतं तिथे तो हात झटकतो. मला या विसंगतीचा जितका राग येतो तितका या वादातल्या दुसऱ्या कशाचा येत नाही.

मागे घेता येणारं आणि न येणारं हा फरक सरकारी पातळीवरही लागू पडतो. खुलासे, पत्रं, सूचना यांतली प्रत्येक गोष्ट उद्या दुसऱ्या पत्राने रद्द होऊ शकते. म्हणजे नातं दोन ठिकाणी कच्चं आहे: घरात जोडीदाराच्या एका सहीने ते जातं आणि दिल्लीत अवर सचिवाच्या एका सहीने.

‘सहजीवनाचा करार करा’ हा सल्ला काही वकील प्रामाणिकपणे देतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद वेंकटेश यांनी २०२३च्या अखेरीस तमिळनाडू सरकारला अशा नोंदणीकृत कौटुंबिक कराराचा विचार करायला सांगितलं. त्या न्यायमूर्तींची कळकळ निर्विवाद आहे. पण करार दोघांपुरता असतो. सासर, बँक, रुग्णालय, सोसायटी यांना तो बांधत नाही. गुजरातेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्टॅम्प पेपरवर मैत्री करार करणाऱ्या बायकांनी हे भोगलं आहे. पुरुष आधीच विवाहित, कागदाला न्यायालयात किंमत शून्य, आणि तो गेला की हिच्या हाती फक्त तो स्टॅम्प पेपर.

इथे कुणी रखमाबाईंचं नाव घेईल, आणि घ्यायलाच हवं. १८८०च्या दशकात मुंबईच्या न्यायालयात या बाईने सांगितलं की न कळत्या वयात लावलेलं लग्न मी मानत नाही, नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन. सुटता न येणारं बंधन ज्यांना नकोसं होतं त्यांची ती आद्य प्रतिनिधी. मग मी बंधनाचंच गुणगान कसं गातो? माझं उत्तर असं की रखमाबाईंचं भांडण संमती नसलेल्या बंधनाशी होतं. संमतीने बांधलेल्या माणसाला बाहेर पडता यावंच, त्यासाठी १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट आणला. पण ते दार न्यायालयातून जातं. तिथे दुसऱ्याला बोलावलं जातं, ऐकलं जातं, पोटगी ठरते. कुलूप बदलून लग्न संपत नाही. नांदायला लावण्याचा दावा आजही आपल्या कायद्यात शिल्लक आहे, तो जावा असं मला मनापासून वाटतं. पण तो गेला तरी हा फरक उरतोच.

परदेशांचे दाखले या वादात मुबलक फेकले जातात. ब्रिटनने २००४ साली नागरी भागीदारी आणली तेव्हा तिच्यात विवाहाची जवळजवळ सगळी दायित्वं होती; पाटी तेवढी वेगळी. फ्रान्सच्या १९९९च्या पाक्स करारात एकाने कळवलं की नातं संपतं, आणि तिथेही २०१३ साली विवाहाचं दार उघडावंच लागलं. म्हणून मध्यममार्गाला माझा प्रश्न सरळ आहे. तुमच्या नागरी सहजीवनात पोटगी, वारसा आणि न्यायालयातून होणारी फारकत आहे का? असेल, तर ते लग्नच झालं, आणि वाद फक्त पाटीचा उरला. नसेल, तर ठाण्यातल्या त्या दुसऱ्या बाईला तुम्ही काहीच दिलेलं नाही.

हे दायित्व म्हणजे काय, ते गोमंतकीयांना मुद्दाम सांगावं लागणार नाही. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे अजून चालते, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते. एकाने दुसऱ्याला न विचारता घर विकून टाकावं अशी सोय नाही. ज्या पोर्तुगालने ही संहिता दिली त्याने ती स्वतःकडे साठच्या दशकातच बदलली आणि २०१० साली समलिंगी विवाहही कायदेशीर केला.

सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सुनावणीत म्हटलं होतं की विवाहाची व्याख्या बदलली तर १६० तरतुदींना धक्का बसेल. हा आकडा विरोधाचा म्हणून मांडला गेला, आणि समर्थक त्याने गांगरले. मला तो पूर्वपक्षाचा वाटतच नाही. लग्न एवढ्या ठिकाणी कायद्यात गुंतलेलं आहे, म्हणूनच ते यादीने भरून काढता येत नाही.

गंभीर आक्षेप एकच उरतो, तो न्या. भट यांचा. विशेष विवाह कायदा लिंगनिरपेक्ष वाचला, तर त्यात स्त्रीसाठी ठेवलेली संरक्षणं पातळ होतील, अशी त्यांची धास्ती होती. ती खोटी नाही. त्या कायद्यात पोटगी मागण्याचा हक्क पत्नीलाच आहे. दोन पुरुषांत किंवा दोन स्त्रियांत पत्नी कोण धरायची? न्यायालयाने शब्द ओढूनताणून हे करू नये, संसदेने करावं, हे मला मान्य आहे. मात्र संसदेला यासाठी अभूतपूर्व असं काही करायचं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या कलमांत पोटगी पती किंवा पत्नी, दोघांपैकी कुणालाही मागता येते, आणि कोणाची मिळकत किती हे पाहून न्यायालय ती ठरवतं. १९५५पासून ही कलमं चालू आहेत आणि त्यांच्यामुळे हिंदू स्त्रीची पोटगी बुडालेली नाही. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२मध्ये लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. तसं विधेयक पुन्हा आणताना स्त्रीच्या संरक्षणाची आजची कलमं तशीच ठेवावीत, आणि समलिंगी जोडप्यांसाठी त्याच कायद्यात तीन कलमं वेगळी लिहावीत: कमी मिळकत असलेल्या जोडीदाराची पोटगी, मृत्युपत्र नसताना जोडीदाराचा वारसा, आणि न्यायालयाबाहेर न होणारी फारकत. कॅबिनेट सचिवांच्या समितीने आणखी एखादा खुलासा काढण्याआधी ही तीन कलमं संसदेपुढे ठेवावीत.