दुखऱ्या कंडरेला भार हवा

गुडघा दुखू लागला की घरीदारी पहिला सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. पण वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारी कंडरा, म्हणजे टेंडन, महिनोन्‌महिने दुखत असेल तर केवळ विश्रांतीने ती बरी होत नाही. वैद्यकाला हे उमजायला काही दशके लागली.

1973 साली अमेरिकी डॉक्टर ब्लाझिना यांनी उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या या दुखण्याला ‘जंपर्स नी’ म्हटले. त्या काळी तो दाह समजला जाई. म्हणून बर्फ, गोळ्या, स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रिया. पुढे शस्त्रक्रियेत काढलेली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा दाहाच्या पेशी फारशा आढळल्या नाहीत. दिसले ते विस्कटलेले कोलॅजनचे तंतू. आता प्रश्न सूज उतरवण्याचा उरला नव्हता, ऊती पुन्हा बळकट करण्याचा होता.

यासाठी व्यायाम पुढे आला. बैठक मारताना आपण खाली जातो तेव्हा मांडीचा स्नायू लांबत लांबत वजन तोलतो. कॅनडातील स्टॅनिश आणि कर्विन यांनी 1980च्या दशकात नेमक्या अशा हालचालीवर उपचार बेतले. 1998 साली स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी टाचेमागच्या कंडरेसाठी असाच 12 आठवड्यांचा जड व्यायाम दिला. त्यांचे पंधराही हौशी धावपटू पुन्हा पळू लागले. गुडघ्यासाठी हीच रीत उतरत्या फळीवर, एका पायावरच्या बैठकांनी आली. 2006 साली नॉर्वेतील चाचणीत वर्षअखेर शस्त्रक्रिया या व्यायामापेक्षा सरस ठरली नाही.

तरीही हा व्यायाम रामबाण नव्हता. भर हंगामात खेळ चालू ठेवून तो करणाऱ्या व्हॉलीबॉलपटूंना फायदा झाला नव्हता. डेन्मार्कमध्ये 2009 साली स्टेरॉइड, फळीवरच्या बैठका आणि संथ गतीने उचललेले जड वजन यांची तुलना झाली. सुरुवातीला तिन्ही गटांना आराम पडला. सहा महिन्यांनी स्टेरॉइडचा गुण ओसरला, व्यायामाचा टिकला. 2021 साली नेदरलँड्समध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. आधी पाय न हलवता जोर धरायचा, मग संथ वजन, मग उड्या आणि शेवटी खेळ, अशी वेदना सोसवेल इतकीच ठेवत केलेली चढती मांडणी दुखणे सोसत केलेल्या फळीवरच्या बैठकांपेक्षा अधिक गुणकारी ठरली.

या वाटचालीतून मला दिसते ते असे: भार हेच औषध आहे, आणि औषधासारखीच त्याची मात्रा सांभाळावी लागते. अंथरुणावर पडून राहणे आणि दुखणे रेटत खेळणे, दोन्हींत कंडरेचे नुकसानच आहे.

म्हणून खेळाडूंना, पालकांना आणि प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. आधी नेमके निदान करून घ्या. मग फिजिओथेरपिस्टला ‘किती दिवस विश्रांती?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘आज किती भार, आणि पुढचा टप्पा कधी?’ हेही विचारा. आणि या उपचाराला निदान तीन महिने मनापासून द्या.