मासेदोनियाचं अर्पण आणि जालन्याचं बेथेल

आजचं वचन: २ करिंथ ८:१-१५



यरुशलेमातले विश्वासणारे अडचणीत आहेत आणि पौल करिंथच्या मंडळीला वर्गणीची आठवण करून देतोय. करिंथकर खाऊनपिऊन सुखी. गेल्या वर्षी उत्साहाने सुरुवात केली, पण काम अर्धवट राहिलं. (ओळखीचं वाटतं ना?) पौल त्यांच्यापुढे उदाहरण ठेवतो ते मासेदोनियाच्या मंडळ्यांचं. त्या स्वतःच गरिबीत आणि छळात होत्या, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून विनवत होत्या. पाचवं वचन नीट वाचा. पैशाआधी त्यांनी स्वतःला प्रभूला दिलं होतं.

मला इथे जालना आठवतं. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये प्रेसबिटेरियन मंडळीत फूट पडली. शेकडो पाळक सरकारमान्य चर्चचा पगार आणि राहती घरं सोडून बाहेर पडले. फ्री चर्च उभं राहिलं ते सामान्य लोकांच्या आठवड्याच्या पेनी-पेनीवर. त्यातूनच त्यांनी भारतातलं मिशनही चालवलं. त्याच वर्षी मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्या काळात त्याचा अर्थ घरदार, जात, नातीगोती सगळं सुटणं. पाचवं वचन ते जगले असं मी म्हणेन.

हेच रेव्हरंड शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातल्या जालन्यात आले. सुवार्ता स्वीकारणारे बहुतेक मातंग आणि महार समाजातले. गावात त्यांना जागा गावकुसाबाहेर, आणि पोट दुसऱ्याच्या मर्जीवर. शेषाद्रींना दिसलं की नुसतं धान्य वाटून हे सुटणार नाही. माणसाला पाय टेकायला जमीन हवी. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसलं. घरं, शेती, शाळा, देऊळ.

आणि जमीन कुणी दिली? हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी. मुसलमान दिवाण! एज्रा १ मधला कोरेश राजा आठवा. देवाला दाता निवडताना आपली परवानगी लागत नाही.

बेथेलसाठी शेषाद्री परदेशातही फिरले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते पागोटं घालून बोलले.

आता आपल्याकडे येऊ. तुमच्यापैकी कित्येक जण पुण्या-मुंबईत नोकरी करता, पण घराणं मराठवाड्यातलं. पणजोबांना जमीन, शाळा, दवाखाना मिळाला तो कुणाच्या तरी पेनीतून. तरी गावच्या देवळाचं छप्पर गळायला लागलं की अजून कानावर येतं, "मिशनकडून काही येतं का बघा." मला हे खटकतं. परदेशी मिशनरी केव्हाच गेले. १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे, म्हणजे मंडळी आपलीच आहे. "मिशन" म्हणजे आता तुम्ही-मी.

पौल चौदाव्या वचनात समानतेबद्दल बोलतो. आज तुमच्याकडे जास्त आहे, उद्या त्यांच्याकडे असेल. म्हणून देताना घेणाऱ्याचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका. तो तुमच्या पणजोबांच्याच जागी उभा आहे.

आज पगारातून गावच्या मंडळीसाठी रक्कम बाजूला काढा. किती, ते बारावं वचन वाचून ठरवा. उद्या नवव्या अध्यायापासून पुढे वाचू.