शाई लागलेलं बोट आणि प्रभूचं मेज

आजचे शास्त्रवाचन: मत्तय ५:२३-२४, १ योहान ४:२०-२१



१ डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर घ्यायला हात पुढे केला आणि डाव्या तर्जनीच्या नखावरची शाई दिसली. मतदान होऊन अकरा दिवस झाले होते, तरी ती गेली नव्हती. शेजारच्या बाकावरच्या बोटांवरही तोच डाग. कोणी कोणाला मत दिलं हे त्या डागावरून कळत नाही, आणि ते बरंच आहे. पण मला त्या क्षणी दुसरंच काहीतरी आठवलं आणि माझा हात मागे आला.

ते काय, हे आज सांगतो. सांगायला लाज वाटते, पण रोज इथे वचनावर लिहायचं आणि स्वतःचं झाकून ठेवायचं हे काही खरं नाही.

माझा मोठा भाऊ श्रीरामपूरकडे आमच्या गावी असतो, मी पुण्यात. २०२४ च्या विधानसभेला दादाने एका उमेदवाराचं काम केलं. नुसतं मत दिलं नाही, घरोघरी फिरला. त्या उमेदवाराची दोन भाषणं मी मोबाईलवर ऐकली होती. एका समाजाबद्दल तो जे बोलला ते ऐकून माझं रक्त तापलं. आज त्यांच्याबद्दल बोलतोय, उद्या आपल्याबद्दल बोलेल, हे दादाला कळत नाही का? प्रार्थनासभांवर संशय घेणारी माणसं आपण पाहिलेली नाहीत का? घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमचं चार दिवस चाललं होतं. मतदानाच्या आदल्या रात्री मी लिहिलं, "यहूदाने तीस नाणी घेतली. तू किती घेतलीस?"

दादाने उत्तर दिलं नाही. सकाळी पाहिलं तर तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

खरं सांगू? पाठवताना मला बरं वाटलं होतं. वचनातलं उदाहरण अगदी चपखल सापडलं असं वाटलं. पवित्र शास्त्र लहानपणापासून वाचतोय, पण माझ्या सख्ख्या भावाला मारायला ते इतकं हाताशी असेल असं वाटलं नव्हतं.

प्रियांनो, निवडणुकीच्या दिवसांत विश्वासणाऱ्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला सल्ला असा की आपलं राज्य या जगाचं नाही, राजकारणात पडू नका, शांत राहा. हे बोलणाऱ्यांचा मी मान राखतो, पण मला ते पटत नाही. आमच्यासारख्या कितीतरी घरांचा प्रश्नच कायद्याने घडवलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींमध्ये फक्त हिंदूंना धरलं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. मंडळीत आला म्हणून गावाने कोणाची जात विसरलेली नाही, सवलत मात्र गेली. अशा माणसाला "राजकारणाचं मनावर घेऊ नकोस" असं मी कोणत्या तोंडाने सांगू? शेजाऱ्यावर प्रीती करायची तर शेजाऱ्याचं काय होणार याचा विचार करावाच लागतो, आणि त्यातला बराचसा मतपेटीतून ठरतो.

दुसरा सल्ला बाहेरून येत नाही, आतून येतो. मी सत्याच्या बाजूचा आहे, म्हणून मला कठोर बोलायची मुभा आहे. मी या दुसऱ्यात फसलो. प्रभू येशूही परूश्यांना कठोर बोलला, असं मी स्वतःला समजावलं. पण तो यरुशलेमेकडे पाहून रडलाही होता. मी दादासाठी रडलो नव्हतो.

बारा शिष्यांच्या यादीवरून आपण नेहमी भराभर जातो. त्यात मत्तय जकातदार आहे आणि शिमोन जिलोतही आहे. परक्या सत्तेच्या व्यवस्थेत जकात गोळा करणारा एक, आणि दुसऱ्याच्या नावातच आवेश. पुढे रोमविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांना हेच नाव पडलं. रात्री एकाच शेकोटीभोवती बसल्यावर हे दोघं काय बोलत असतील? शुभवर्तमानात त्यांचं एकही संभाषण नाही. आपण मनाशी चित्र रंगवतो की त्यांनी गळ्यात गळे घातले आणि सगळं मिटलं. इतकं सोपं नसावं. मत्तयाला जकातनाका सोडावा लागला, म्हणजे प्रभूने "जसा आहेस तसा ठीक आहेस" असं म्हटलं नाही. पण नाका सोडायला सांगितलं ते प्रभूने. शिमोनाने ते काम आपल्याकडे घेतलं असं कुठे वाचायला मिळत नाही.

जॉन वेस्ली यांनी ब्रिस्टलमध्ये ६ ऑक्टोबर १७७४ रोजी आपल्या मतदार सभासदांना जे सांगितलं ते त्यांच्या दैनंदिनीत आहे. पैसे न घेता, जो लायक वाटतो त्यालाच मत द्या. ज्याला मत देत नाही त्याच्याबद्दल वाईट बोलू नका. आणि पलीकडे मत देणाऱ्यांविषयी मनाला धार चढू देऊ नका, असा त्याचा आशय. अडीचशे वर्षं झाली! पहिली गोष्ट मी पाळली. दुसरी थोडीफार. तिसऱ्या गोष्टीत मी नापास झालो. आणि धार चढली ती उमेदवारावर नाही, भावावर.

राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं पौल तीमथ्याला लिहितो. पौलाच्या काळात रोमच्या गादीवर नेरो बसला होता. मी महिनाभर रोज निवडणुकीसाठी गुडघे टेकले, पण ती प्रार्थना म्हणजे देवाकडे केलेला प्रचारच होता. दादाच्या उमेदवाराचं नाव मी एकदाही घेतलं नाही, फक्त तो पडावा म्हणून घेतलं.

तर त्या रविवारी मी बाकावरून उठून बाहेर आलो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे, आणि तिथे एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती. चूक कोणाची हे प्रभू विचारत नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे एवढं पुरेसं आहे. अंगणातून फोन लावला. वहिनींनी उचलला. "ते मळ्यात गेलेत," म्हणाल्या. मागे दादाच्या खोकल्याचा आवाज येत होता.

पुढच्या शनिवारी एसटीने गावी गेलो. दादाने दार उघडलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक पैसा घेतला नाही रे. कबरस्तानाचा रस्ता करून देतो म्हणाला, म्हणून फिरलो."

मला त्या जुलैची आठवण झाली. आईला नेताना गुडघाभर चिखल होता. पेटी दोनदा कलली. पुढचा खांदा दादाचा होता, मागचा माझा. मी पुण्याला परतलो आणि विसरलो. तो दर पावसाळ्यात तिथेच राहतो.

तरी मी त्याला म्हणालो, "दादा, त्या भाषणांचं काय? आपल्या रस्त्यासाठी दुसऱ्याच्या दारात आग लागली तर?" तो चिडला. आमचं पुन्हा वाजलं. वहिनींनी मध्ये भाकरी वाढली. माझं मत बदललेलं नाही, त्याचंही नाही. त्याचं चुकलं असं मला आजही वाटतं. पण दिवसभर त्याने मला "पुणेकर" म्हणून चिडवलं नाही आणि मी यहूदाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दोघं कबरस्तानात गेलो, आईच्या कबरीवरचं गवत काढलं. त्याचा उमेदवार निवडून आला आहे. रस्ता अजून झालेला नाही.

प्रार्थना: हे प्रभू, जे निवडून आले त्यांच्यासाठी आणि जे पडले त्यांच्यासाठी मी आज नावं घेऊन प्रार्थना करतो. ज्यांना या निकालाची भीती वाटते त्यांच्याजवळ राहा. दादाचा खोकला बरा कर. आणि मोबाईलवरच्या माझ्या बोटांना आवर घाल. आमेन.