एका पाण्यात

सरकारी नोकराला बदलीच्या गावी सर्वांत आधी भेटते ते तेथील पाणी. भाषा कानात बसायला, माणसे ओळखीची व्हायला अवकाश लागतो. पाणी मात्र पहिल्याच सकाळी नळातून येऊन आपली ओळख करून देते. डाळ शिजते की नाही, मुलांना मानवते की नाही, यावर त्या गावाविषयीचे घरातले मत ठरून जाते. ज्यांनी चार-सहा गावांचे पाणी चाखले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. कुंभकोणमला येऊन मला आता तिसरे वर्ष लागले. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या या गावाचे पाणी आम्हांला मानवले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पिण्याचे पाणी हा नव्हे. माणसे ज्यात अंग बुडवतात त्या पाण्याविषयी मला लिहावयाचे आहे. आणि ते लिहिताना स्वतःविषयी थोडे अप्रिय असेही लिहावे लागणार आहे.

कचेरी सुटल्यावर मी पुष्कळदा महामहम तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. सुमारे सहा एकरांचा हा तलाव भर गावात आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आणि काठावर सोळा लहान मंडप. ते तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी बांधले असे मानतात. गुरू सिंह राशीत असताना माघाच्या पौर्णिमेस येथे बारा वर्षांनी स्नानाचा महोत्सव होतो. आपल्या नाशिकच्या सिंहस्थाचाच हा योग. नाशिकचे शाही स्नान २०१५ च्या पावसाळ्यात झाले आणि त्याच सिंहस्थातले महामहम येथे २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झाले. येथली कथा मला फार आवडते. गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी इत्यादी नऊ नद्यांत सारे जग आपली पापे धुते. मग त्या नद्यांनी आपल्या अंगावर साचलेली पापे कुठे धुवावी? म्हणून त्या नऊ कन्यांच्या रूपाने या तळ्यात स्नानाला येतात. काठावरच्या काशीविश्वनाथाच्या देवळात त्या नऊजणींच्या मूर्ती आहेत. (गोदावरीला येथे इतक्या लांब यावे लागते हे पाहून मला आपल्या बदल्यांची आठवण होते.)

कथा रचणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, परंतु तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सामायिक पाणी मळते. आणि मळल्याबद्दल त्या पाण्याला कोणी दोष देत नाही.

आता माझी हकीकत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने पोहायला शिकण्याचा हट्ट धरला. मला स्वतःला पोहता येत नाही. गावाबाहेरच्या एका हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे व तेथे फी घेऊन मुलांना शिकवितात, असे कळले. आमच्या कचेरीत हुद्द्याने माझ्याखाली असलेले एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा आणि त्याचा सोबती. पहिल्या दिवशी तोही आमच्याबरोबर आला. तेथल्या व्यवस्थापकाने मोठ्या सौजन्याने सांगितले, की ही सोय पाहुण्यांसाठी व फी भरलेल्यांसाठी आहे. मी दुसऱ्या मुलाचीही फी भरू शकलो असतो. भरली नाही. त्याला काठावरच्या खुर्चीवर बसविले आणि थंड पेय घेऊन दिले.

मला वाईट वाटले, हे खरे. परंतु त्या वाईट वाटण्याच्या तळाशी आणखी काही होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते मला स्पष्ट दिसले. मला हायसे वाटले होते. का, तर त्या मुलाच्या पायांवर पुरळाचे डाग होते; म्हणजे प्रश्न निव्वळ स्वच्छतेचा होता! पण डासांच्या कृपेने माझ्या मुलाच्या पायांवरही तसेच डाग होते, आणि ते मला सकाळी दिसले नव्हते. त्या गृहस्थांची जात मी कधी विचारली नाही. विचारण्याची गरजच नव्हती. ती मला ठाऊक होती.

मी मूळचा महाडचा. चवदार तळ्यापासून आमचे जुने घर दूर नव्हे. तेथे काय घडले ते आपण सारे जाणतो. तरी क्रम पुन्हा मांडतो. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पायऱ्यांवर ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावच्या स्पृश्यांनी पंचगव्य घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून त्याची शुद्धी केली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. वाद कोर्टात गेला. आणि मज्जावाची ही रूढी अनादि असल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई हायकोर्टाने मार्च १९३७ मध्ये दिला. या सर्व काळात अन्य धर्मीयांना त्या पाण्याची मनाई नव्हती.

आमच्या पणजोबांनी त्या १०८ घागरींपैकी एखादी उचलली होती काय, हे आमच्या घरात कधी कोणी बोलले नाही. लहानपणी मी विचारलेही नाही. शाळेत सत्याग्रहाचा धडा आम्ही पाठ केला, त्यावर निबंध लिहिले, मला त्यात चांगले गुण मिळाले. मात्र घागर आणि घर यांच्यामधले अंतर मी कधी मोजले नाही. ते मोजण्याचा प्रसंग तंजावर जिल्ह्यातल्या एका हॉटेलाच्या निळ्या फरशीवर यावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

पोहण्याचा सार्वजनिक तलाव ही वस्तुतः किती साधी सोय! एक खड्डा, त्यात गाळून शुद्ध केलेले पाणी, एक शिक्षक, एक शिट्टी. परंतु समाजाच्या मनाची जी परीक्षा तेथे होते ती वाचनालयात किंवा बागेत होत नाही. बागेत आपण एकाच बाकावर कडेला सरकून बसू शकतो. पाण्यात सरकायला कड नाही. तेथे कपड्यांबरोबर हुद्दाही खुंटीवर टांगावा लागतो, आणि दुसऱ्याच्या अंगाला लागलेले पाणी आपल्या अंगाला, किंबहुना तोंडालाही लागते. म्हणूनच ज्या समाजाला समतेचे शब्द सहज उच्चारता येतात त्यालाही एका पाण्यात उतरणे जड जाते.

हे केवळ आपल्याकडचे वैगुण्य नव्हे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात नगरपालिकेचे पाच तलाव होते; चार गोऱ्यांसाठी, एक काळ्यांसाठी. न्यायालयाने हा भेद अवैध ठरविल्यावर नगरपालिकेने तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी चालविणेच सोडून दिले. आणि १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते ग्राह्य धरले. अलाबामातील माँटगोमेरी शहराने तर १९५९ मध्ये आपली सारी उद्याने बंद केली आणि ओक पार्कमधला तलाव बुजवून टाकला. आपल्या मुलांनाही पोहता येऊ नये, पण दुसऱ्यांची मुले त्यांच्यासोबत नकोत! महाडकरांनी तळे बुजविले नाही, कारण ते पाणी त्यांना प्यावयाचे होते. त्यांनी पाणी राखले आणि माणसे वगळली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. सार्वजनिक तलाव अस्वच्छ राहतात, रोग पसरतात. मग सुज्ञ पालकाने फी भरून स्वच्छ जागी जाऊ नये काय? अवश्य जावे. स्वच्छता हा काही ढोंगाचा विषय नव्हे. परंतु स्वच्छता आणि शुद्धी यांत एक मोठा भेद आहे. स्वच्छतेचा नियम उतरणाऱ्या प्रत्येकाला सारखा लागू असतो: आधी अंग धुवा, जखम असेल तर उतरू नका, आणि पाण्यात क्लोरीनचे प्रमाण ठरल्याप्रमाणे ठेवा. क्लोरीन कोणाचे आडनाव विचारीत नाही. शुद्धीचा नियम मात्र माणूस पाहून ठरतो, आणि त्याला विज्ञानाचे शब्द पांघरण्याची कला आपण शिकलो आहोत. मी त्या दिवशी जे केले ते स्वच्छतेच्या नावाने केले. घागर तेवढी माझ्या हातात नव्हती.

शिवाय लहान गावात हा प्रश्न अधिक तीव्र असतो. मुंबईत एका तलावातून नकार आला तर दुसरा असतो. लहान गावात एकच असतो किंवा एकही नसतो. आणि जेथे तो नसतो तेथे मुले पोहण्याचे थांबत नाहीत, ती नदीत जातात. येथे मेत्तूर धरणाचे पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून आहे. महिनोन्महिने ज्या वाळूत मुले चेंडू खेळतात तेथे काही दिवसांत प्रवाह येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत लहान मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. ज्याला फी परवडते त्याच्या मुलाने तेवढे तरंगायला शिकावे, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते?

आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा लोकांना अर्पण केलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणास अडविता येत नाही. हा अनुच्छेद स्पर्धापरीक्षेसाठी मी घोकला होता. ‘जन्मस्थान’ हा शब्द आपल्यासारख्या बदलीच्या माणसांसाठी आहे, हे मात्र येथे आल्यावर ध्यानात आले. त्याच्याच बळावर मी या पायऱ्यांवर निःशंक बसतो. सर टी. माधवरावांसारखा मराठी मुत्सद्दी १८२८ मध्ये याच गावी जन्मला, म्हणून मला येथे हक्क आहे असे नव्हे. पायऱ्या सार्वजनिक आहेत, म्हणून आहे. तो हक्क घेताना त्याच वाक्यातला ‘जात’ हा शब्द मी वगळू शकत नाही.

पुढचे महामहम २०२८ मध्ये येईल. त्या निमित्ताने गावात रस्ते होतील, दिवे लागतील. १९९२ च्या महामहमात येथे चेंगराचेंगरीत चाळिसांहून अधिक भाविक दगावले, तेव्हापासून बंदोबस्ताचा विचार अधिक होतो, आणि तो व्हावाच. त्या खर्चात मुलांसाठी उथळ बाजू असलेला, शिक्षक नेमलेला, नाममात्र शुल्काचा एक तलाव बसेल काय, असा अर्ज मी येथील महानगरपालिकेस लिहून ठेवला आहे. अद्याप पाठविलेला नाही. सरकारी नोकराने असे अर्ज करावे की नाही, यावर कचेरीत दोन मते आहेत.

हॉटेलातली शिकवणी माझ्या मुलाने आठवड्यातच सोडली. एकट्याने जायला त्याला करमेना. मी त्या गृहस्थांजवळ दोन-तीनदा तो विषय काढण्याचा प्रयत्न केला. त्यांनी तो वाढू दिला नाही. जुलैमध्ये पाणी आले तेव्हा एका रविवारी ते स्वतःच घरी आले आणि दोन्ही मुलांना अरसलारच्या एका उथळ घाटावर घेऊन गेले. मीही गेलो. ते याच पाण्यात वाढलेले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी एक हात माझ्या मुलाच्या पोटाखाली धरला होता, दुसरा स्वतःच्या मुलाच्या. मी पायरीवर चौघांच्या चपला आणि कपडे सांभाळीत बसलो होतो. थोड्या वेळाने त्यांनी हसून हाक मारली, “वांगो, सार!” मला सर्दी आहे, असे मी खुणेने सांगितले.