न खेळणाऱ्या जवानाचं काय?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, सप्टेंबर २०२४मध्ये, होकाटो होतोझे सेमा यांनी बसून फेकलेला गोळा १४.६५ मीटरवर पडला आणि भारताला कांस्यपदक मिळालं. २००२मध्ये काश्मीरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात या नागा जवानाचा पाय गेला होता. पुण्यातल्या लष्करी केंद्रात ते गोळाफेकीकडे वळले ते थेट बत्तिसाव्या वर्षी. अशा बातम्या फॉरवर्ड करताना आपल्याला भरून येतं. मला प्रश्न पडतो तो या भरून येण्याबद्दलच.

खेळ जखमी सैनिकाला नेमकं काय देतो? इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांच्याकडे पाठीचा कणा दुखावलेले सैनिक येत. असे रुग्ण फार जगत नाहीत, असंच तेव्हा धरून चालत. गटमननी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, तिथे व्हीलचेअरवरचे १६ जण तिरंदाजीला उतरले. धनुष्य ओढून खांदे बळकट होतात, तोल सावरतो. शिवाय प्रतिस्पर्धी मिळतो. घरचे, डॉक्टर, शेजारी सगळे सांभाळून घेतात. प्रतिस्पर्ध्याला मात्र तुम्हाला हरवायचंच असतं. दयेपेक्षा हा मान मला मोठा वाटतो.

पण पदक आलं की आपण म्हणतो, 'बघा, मनात आणलं तर काय अशक्य आहे?' ज्याचं दुखणं रात्रभर झोपू देत नाही, ज्याला खेळ आवडतच नाही, त्या जवानाला यात वेगळंच ऐकू येतं: तू मनात आणलं नाहीस. उपचार, पेन्शन, रॅम्प हे खरं तर आपलं देणं. आपण मात्र त्याच्या जिद्दीचे मार्क काढत बसतो.

आणि जिंकणाऱ्याचं तरी काय? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८मध्ये, ४६ वर्षांनी. सुवर्णपदकवाल्याची ही गत, तर ज्यांच्याकडे पदकच नाही त्यांची आठवण कोण ठेवणार?

म्हणून मला वाटतं, खेळ हा हक्क असावा, अट नसावी. तलाव, प्रशिक्षक, खेळायची व्हीलचेअर आपण तयार ठेवायची. पाण्यात उतरायचं की काठावर चहा पीत बसायचं, ते त्याने ठरवावं. तो काठावर बसला, तरी आपलं देणं रुपयानेही कमी होत नाही.